रुग्णालयाच्या गच्चीवरचं पावसाचं पाणी: टाकी किती मोठी, आणि पाणी नेमकं कुठं वापरायचं?

पाना_पक्कड
मंडळी, मी दोनशे खाटांच्या एका रुग्णालयात देखभाल विभाग बघतो. नळ, पंप, बॉयलर, एसी, जे बंद पडतं ते माझं. गेल्या महिन्यात व्यवस्थापनाच्या बैठकीत ठरलं की पावसाचं पाणी साठवायचं आणि त्यासाठी अंगणात जमिनीखाली पाच लाख लिटरची टाकी बांधायची. आराखडा माझ्या टेबलावर येऊन पडलाय. सही करायच्या आधी इथं विचारतोय, कारण मला त्यात काहीतरी खटकतंय आणि नेमकं काय ते सांगता येत नाही.

माहिती अशी: गच्ची एकूण २४०० चौरस मीटर. फ्लशचा वापर मी तीन महिने मीटरवर मोजलाय, रोज साधारण १८,००० लिटर. डायलिसिसची १२ मशीन आहेत, तीन पाळ्यांत चालतात. निर्जंतुकीकरण विभागात दोन मोठे ऑटोक्लेव्ह (उपकरणं वाफेनं निर्जंतुक करणारी यंत्रं). लॉन्ड्री आमचीच. मध्यवर्ती एसीला कूलिंग टॉवर आहे (पाण्याची वाफ करून एसीची उष्णता बाहेर सोडतो तो).

प्रश्न दोनच. एक, पाच लाखांची टाकी बरोबर आहे का? दोन, हे पाणी रुग्णालयात कुठं चालेल आणि कुठं अजिबात चालणार नाही? साध्या इमारतीला जे लागू तेच इथंही लागू, असं आराखडा करणारे म्हणतात. मला ते पटत नाही.

उगाचच
पावसाचं पाणी पेशंटला पाजणार का? 😀

पन्हाळ
उगाचच, पाजायचं म्हटलं तरी पाजता येतं, पण तो विषय नको.

पाना_पक्कड, तुमच्या टाकीचं गणित करू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एवढं एक सूत्र लक्षात ठेवलं की पुढचं सगळं त्यातून निघतं. गच्ची काही पाणी पिते, काही उडून जातं, म्हणून ०.८५ ने गुणायचं. म्हणजे २४०० चौ. मी. वर दर मिलिमीटरला साधारण २,००० लिटर. पाच लाखांची टाकी भरायला २४५ मिमी पाऊस लागेल. तो पडेलही. पण पुढं काय?

तुमचा फ्लश रोज १८,००० खातो. म्हणजे भरलेली टाकी २७-२८ दिवस पुरते. जिथं पाऊस काही महिने लागून पडतो आणि मग गायब होतो, तिथं टाकी पावसाळाभर काठोकाठ भरलेली राहणार, वरचं पाणी वाहून जाणार. पाऊस थांबला की महिन्याभरात तळ दिसणार. उरलेले महिने तुम्ही एक मोठा, महागडा, कोरडा खड्डा सांभाळणार.

टाकीचा आकार तिच्यात किती मावतं यावर ठरवू नका, वर्षात ती किती वेळा भरून रिकामी होते यावर ठरवा. एक लाखाची टाकी साडेपाच दिवसांत रिकामी होते, दोन सरींत परत भरते. अख्ख्या पावसाळ्यात ती वीस-पंचवीस वेळा फिरू शकते. पाच लाखांची टाकी पावसाळ्यातली ती कामगिरी तर करतेच, पण वरच्या चार लाखांचा उपयोग वर्षातून जेमतेम एकदा. तुमच्या भागाच्या रोजच्या पावसाच्या नोंदी मिळवा, दहा वर्षांच्या तरी, आणि एक्सेलमध्ये रोजची आवक-जावक मांडा. एका संध्याकाळचं काम आहे. वर्षभर थोडाथोडा पाऊस पडत असेल तर उत्तर आणखी लहान टाकीकडे झुकेल.

पाना_पक्कड
हेच. हेच खटकत होतं. धन्यवाद. दुसरा प्रश्न बाकी आहे.

सूक्ष्मदर्शी
दुसऱ्या प्रश्नाचं मी बोलतो. मी सूक्ष्मजीवशास्त्राचा माणूस, संसर्ग नियंत्रण समितीवर अनेक वर्षं आहे, त्यामुळं माझा सूर जरा कटकटीचा वाटेल.

लोक विचारतात, हे पाणी पिण्यालायक आहे का? रुग्णालयात पहिला प्रश्न हा नसतो. हे पाणी कुणाच्या श्वासात जाणार आहे का, हा असतो. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं संमेलन भरलं होतं, तिथून न्यूमोनियाची साथ उठली. कारण महिनोन्महिने कळेना. १९७७ च्या जानेवारीत जंतू सापडला आणि सैनिकांच्या त्या संघटनेवरूनच त्याला लिजिओनेला नाव मिळालं. १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या स्टॅफर्डला हाच जंतू एका नव्या रुग्णालयाच्या कूलिंग टॉवरमधून पसरला आणि २८ माणसं दगावली. त्यांतलं कुणी ते पाणी प्यायलं नव्हतं. तुषार नाकातून आत गेले.

हा जंतू साधारण २० ते ४५ अंश तापमानात वाढतो. साठवलेलं, कोमट, क्लोरीन नसलेलं, गाळ असलेलं पाणी त्याला आवडतं. पावसाचं पाणी टाकीत पडून राहिलं की ते नेमकं असंच होतं. शिवाय रुग्णालयात बसलेली माणसं कोण? केमोथेरपी घेणारी, अवयव प्रत्यारोपण झालेली, अपुऱ्या दिवसांची बाळं. बाहेरच्या धडधाकट माणसाला जे पचतं ते इथं पचत नाही. तुमचा आराखडा करणारे इथंच चुकताहेत.

म्हणून माझी विभागणी अशी आहे. फ्लशला चालेल, गाळून आणि क्लोरीन देऊन. बागेला ठिबकने चालेल, तुषार सिंचनाने नाही. अंगण धुवायला चालेल, पण प्रेशर वॉशर नको. शॉवर, वॉर्डातलं बेसिन, दातांच्या खुर्चीचं पाणी, नेब्युलायझर, डायलिसिस, यांच्या आसपास त्याची पाइपलाइनसुद्धा जाऊ देऊ नका. कूलिंग टॉवरचं काय ते इथले एसीवाले सदस्य गारवा सांगतील, आमचं त्यावर पूर्वी वाजलंय.

आणि हो, गच्चीच्या नकाशावर आधी पेन फिरवा. आयसोलेशन वॉर्डाचा आणि प्रयोगशाळेचा एक्झॉस्ट कुठं सुटतो? जनरेटरचं धुराडं कुठं आहे? कूलिंग टॉवरचे तुषार कुठं पडतात? तेवढा भाग वगळा. २४०० च्या १७०० होतील, होऊ द्या.

पन्हाळ
+१. गच्चीचा भाग वगळायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग दर मिलिमीटरला १,४५० लिटरच धरा. आणि पहिला एक ते दोन मिलिमीटर पाऊस सोडून द्यायचा. त्यात धूळ, पक्ष्यांची विष्ठा, पाला सगळं येतं. त्यासाठी उभा पाइप बसवतात. तो आधी भरतो, मग पाणी टाकीकडे वळतं. पाइपच्या तळाला बारीक भोक हवं, म्हणजे पुढच्या सरीपर्यंत तो आपोआप रिकामा होतो. हे भोक बुजतं. दर आठवड्याला कुणीतरी बघायला हवं. बहुतेक ठिकाणी कुणी बघत नाही.

ओटी_सिस्टर
चर्चा चांगली चाललीय, पण मला एक भीती वाटते म्हणून लिहिते. पाणी वाचवा म्हटलं की पहिली नजर आमच्या बेसिनवर जाते. आमच्याकडे एकदा असंच झालं. वॉर्डातल्या सगळ्या नळांना धार कमी करणाऱ्या जाळ्या लावून टाकल्या. सिस्टरांना हात धुवायला दुप्पट वेळ लागायला लागला आणि दोन महिन्यांत निम्म्या जणींनी नुसता ओला हात करून पुढं जायला सुरुवात केली. जाळ्या आम्हीच काढायला लावल्या.

मात्र वाया जात नाही असं नाही. ऑपरेशनआधीच्या स्क्रबला एल्बो टॅप असतो. कोपराने एकदा उघडला की हात चोळून होईपर्यंत तो चालूच, कारण साबणाच्या हातांनी बंद कोण करणार? मी एकदा खाली बादली ठेवून मोजलं. तीन मिनिटांच्या एका स्क्रबला २४ लिटर. नंतर गुडघ्याने दाबायचा नळ बसवला, गुडघा काढला की धार बंद. तोच स्क्रब ७-८ लिटरमध्ये होतो. कुणाला काही शिकवावं लागलं नाही, कुणी तक्रार केली नाही.

आता बहुतेक सर्जन पहिल्या केसला साबण-पाणी आणि मधल्या केसेसना अल्कोहोलचं द्रावण वापरतात. हात दिसायला मळलेले असतील किंवा क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइल या जुलाब लावणाऱ्या जंतूचा रुग्ण असेल तर मात्र साबण आणि पाणीच, कारण त्याचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत. तिथं एक थेंब कमी करू नका.

सूक्ष्मदर्शी
सिस्टर, जाळ्या काढल्यात ते दुसऱ्या कारणानेही बरं झालं. त्या जाळीत गाळ बसतो आणि त्यावर स्यूडोमोनास या ओलीत वाढणाऱ्या जंतूचा थर चढतो. उत्तर आयर्लंडमध्ये २०११-१२ च्या हिवाळ्यात नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागांत स्यूडोमोनासने चार बाळं गेली. तपासाचा रोख नळांकडे वळला. हात न लावता चालणारे सेन्सरचे नळ स्वच्छ वाटतात, पण त्यांच्या पोटात रबराचे आणि प्लॅस्टिकचे भाग असतात, पाणी कोमट असतं, धार कमी असते. जंतूंची चंगळ.

पाणी बचतीतला हा विरोधाभास प्रत्येकाने समजून घ्यावा. तुम्ही वापर कमी केलात की तेच पाणी पाइपात जास्त वेळ पडून राहतं. क्लोरीन उडून जातं, तापमान खोलीइतकं होतं. म्हणून तर जे नळ फारसे वापरात नाहीत ते आम्ही ठरवून मोकळे सोडतो, काही मिनिटं नुसतं पाणी वाहू देतो. बघणाऱ्याला ते पाप वाटतं. न वापरातलं बेसिन असेल तर ते पाइपासकट काढा, मुख्य लाइनीपर्यंत. नुसती तोटी काढून बूच मारलं की मागं अंध फाटा राहतो आणि त्यात पाणी सडत बसतं.

अवांतर: नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठ रुग्णालयाने आयसीयूच्या खोल्यांतली बेसिनंच काढून टाकली आणि रुग्णसेवा जवळजवळ बिनपाण्याने सुरू केली. ग्राम-निगेटिव्ह जंतूंचं (स्यूडोमोनास ज्या गटातला त्या) प्रमाण घटल्याचं त्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलं. सगळीकडे जमेल असं नाही, पण कमी पाणी आणि कमी संसर्ग एका दिशेने जाऊ शकतात हे मला त्यातून पहिल्यांदा पटलं.

तिसरी_पाळी
मी डायलिसिस टेक्निशियन. धागा उघडला तेव्हा वाटलं होतं पहिल्याच प्रतिसादात कुणीतरी आमच्याकडून वाया जाणाऱ्या पाण्याचं नाव घेईल. कुणीच घेतलं नाही!

एका रुग्णाच्या डायलिसिसला मिनिटाला ५०० मिली द्रव लागतो. चार तासांचे झाले १२० लिटर. हे पाणी आरओतून येतं. आमचा आरओ आत घेतलेल्या पाण्यापैकी ६० टक्के शुद्ध करून देतो, उरलेलं ४० टक्के रिजेक्ट म्हणून गटारात. म्हणजे १२० लिटरसाठी २०० आत घ्यायचे आणि ८० फेकायचे. पाना_पक्कड, तुमची १२ मशीन गुणिले तीन पाळ्या म्हणजे ३६ डायलिसिस. रोजचं २,८८० लिटर रिजेक्ट. मशीन धुण्याचं आणि निर्जंतुक करण्याचं पाणी धरलं तर जास्तच.

लोक घाबरतात ते नावाला. डायलिसिसचं सांडपाणी म्हटलं की रक्त आठवतं. पण रिजेक्ट हे रुग्णापर्यंत गेलेलंच नसतं. ते आरओच्या अलीकडून वळतं. रुग्णाला लागून आलेला द्रव वेगळ्या पाइपने जातो, त्याला हात लावायचा नाही. रिजेक्ट म्हणजे तुमचंच नळाचं पाणी, गाळलेलं, फक्त जास्त खारट. आत ४०० टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) असेल तर बाहेर हजाराच्या आसपास.

पाऊस आला तर येतो. डायलिसिस रविवार सोडून रोज असतं. टाकी खणायच्या आधी हे पकडा.

पाना_पक्कड
तिसरी_पाळी, हे २,८८० लिटर गेली सहा वर्षं माझ्या नाकासमोरून जाताहेत. बागेला सोडू का? तळमजल्यावरच आहे.

तिसरी_पाळी
बागेला सोडू नका, किंवा नेहमी सोडू नका. आरओच्या आधी सॉफ्टनर असतो. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम देतो. रिजेक्टमध्ये ते सोडियम अडीचपट होतं. वर्षभर एकाच वाफ्यात दिलंत तर माती घट्ट होते, झाडं पिवळी पडतात. फ्लशला सगळ्यात उत्तम.

अजून एक गोष्ट, जी बहुतेकांकडून सुटते. आरओच्या आधी कार्बन फिल्टरही असतो, तो क्लोरीन आणि क्लोरामाइन काढतो, कारण क्लोरामाइन रक्तात गेलं तर तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे रिजेक्टमध्ये क्लोरीन शून्य. टाकीत दोन दिवस ठेवलंत की शेवाळ आणि वास. साठवायचं असेल तर क्लोरीन परत द्या, आणि एका दिवसात वापरून टाका.

आणि सूक्ष्मदर्शी म्हणाले त्याला दुजोरा. आमच्या पाण्याशी खेळ नको. १९९६ मध्ये ब्राझीलमधल्या कारुआरूला डायलिसिसच्या पाण्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष आलं आणि ५० हून अधिक रुग्ण यकृत निकामी होऊन गेले. तेच पाणी पोटात गेलं असतं तर एवढं झालं नसतं. इथं ते पडद्यापलीकडून थेट रक्ताला भिडतं.

वाफेवरचा
निर्जंतुकीकरण विभागाची बाजू मांडतो. पाना_पक्कड, उद्या सकाळी ऑटोक्लेव्हच्या मागं जा, जिथं कुणी जात नाही तिथं. खाली गटाराच्या तोंडाशी एक पाइप दिसेल. मशीन बंद असतानाही त्यातून थंड पाण्याची धार पडत असेल तर समजा तुमची विहीर तिथं आहे.

ऑटोक्लेव्हमधून निघणारी वाफ आणि उकळतं पाणी तसंच गटारात सोडलं तर पाइपांचे सांधे सुटतात. म्हणून त्यात थंड पाणी मिसळून ६० अंशांच्या खाली आणतात. जुन्या मशीनवर ही धार चोवीस तास चालू. आमच्याकडे मी मोजली, मिनिटाला ४ लिटर. दिवसाचे ५,७६० लिटर, एका मशीनचे. चालू सायकल दिवसातून जेमतेम आठ-नऊ. तापमान बघून उघडणारा व्हॉल्व्ह बसवला, आता गरम पाणी आलं तरच धार सुटते. पडद्यामागचं काम, रुग्णाला पत्ता नाही.

तसंच व्हॅक्यूम पंप. पाण्याचं कडं फिरवून निर्वात करणारे पंप असतील तर त्यांचं पाणी एकदा वापरून गटारात जातं. एक तर ते थंड करून परत फिरवा, नाहीतर बदलायची वेळ आली की कोरडा पंप घ्या. परत फिरवताना पाणी तापू देऊ नका, तापलं की निर्वात नीट होत नाही आणि मग उपकरणांचे पॅक ओलेच बाहेर येतात. ओला पॅक म्हणजे परत सगळी सायकल.

ऑटोक्लेव्हच्या बाहेरच्या कवचातलं, म्हणजे जॅकेटमधलं कंडेन्सेट (वाफेचं झालेलं पाणी) स्वच्छ असतं, ते बॉयलरला परत द्या, पाणी आणि इंधन दोन्ही वाचतं. चेंबरमधलं नको, ते उपकरणांना लागून आलेलं असतं.

गारवा
माझं नाव निघालंय म्हणून येतो. कूलिंग टॉवरमध्ये पाण्याची वाफ होऊन उष्णता जाते, ती वाफ वाचवता येत नाही. एक टन एसीमागे तासाला साधारण साडेसहा लिटर. १५० टनांचा भार सतत असेल तर दिवसाला २३,४०० लिटर निव्वळ वाफ. पण वाफ होताना क्षार मागे राहतात, म्हणून थोडं पाणी सतत सोडून द्यावं लागतं. पाणी तिप्पट खारट झाल्यावर सोडत असाल तर रोज एकूण ३५,१०० लिटर भरावं लागतं. सहापट होईपर्यंत थांबू शकलात तर २८,०८०. रोजची सात हजार लिटर बचत, एकही टाकी न बांधता. फक्त सोडण्याचा व्हॉल्व्ह घड्याळावर न ठेवता पाण्याच्या खारटपणावर ठेवायचा आणि रसायनं देणाऱ्याशी नीट बोलून घ्यायचं.

पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात. ते मिसळलं तर सहापट सहज गाठता येतं. मात्र निव्वळ पावसाचं पाणी लोखंडाला आणि पत्र्याला खातं, ते किंचित आम्लधर्मी असतं. मिसळूनच द्या.

दुसरं, एसीचं टपकणारं पाणी. ऑपरेशन थिएटरला तासाला २० वेळा हवा बदलावी लागते, त्यातली निदान ४ वेळा बाहेरची. बाहेर ३५ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल, आणि ती हवा १३ अंशांपर्यंत थंड केली, तर तासाला हजार घनमीटर हवेमागे १३ लिटरच्या आसपास पाणी गळतं. जवळपास डिस्टिल्ड. गंमत म्हणजे जितका उकाडा तितकं पाणी जास्त, आणि टॉवरलाही तेव्हाच जास्त लागतं. गच्चीवरच्या एएचयूचं (हवा थंड करून आत सोडणाऱ्या यंत्राचं) पाणी नुसत्या उतारानं टॉवरच्या कुंडीत जातं.

सूक्ष्मदर्शी
एएचयूच्या ट्रेमध्ये बुळबुळीत थर असतो, गारवा. ते डिस्टिल्ड वगैरे पाणी त्या थरावरून येतं. आणि पावसाचं पाणी टॉवरमध्ये म्हणजे जंतूंना खाऊ आणि पंखा दोन्ही.

गारवा
हो, आणि नळाचं पाणी टॉवरमध्ये म्हणजे काय? तेही तिथं दोन तासांत क्लोरीन गमावतं. टॉवर आधीपासूनच धोक्याची जागा आहे, तिथं जंतुनाशक स्वयंचलित मीटरने द्यायचं, तुषार अडवणाऱ्या जाळ्या शाबूत ठेवायच्या आणि नियमित तपासणी करायची, पाणी कुठलंही असो. तुम्ही टॉवर नीट सांभाळणार नसाल तर पावसाचं पाणी देऊ नका हे मान्य. पण मग टॉवरच चालवू नका!

सूक्ष्मदर्शी
शेवटच्या वाक्याला माझी हरकत नाही. आधी गाळणं आणि क्लोरीन, मग टॉवर, आणि तपासणीचे अहवाल माझ्या टेबलावर. एवढं असेल तर सही करेन.

नळकोंडाळं
नळकामाचा सल्लागार आहे. वरची सगळी विभागणी कागदावर छान, पण इमारतीत दोन प्रकारचं पाणी आलं की एक ना एक दिवस कुणीतरी ते जोडतो. वाईट हेतूने नाही. रात्री एखाद्या मजल्याचं पाणी जातं, प्लंबर जवळ दिसणाऱ्या लाइनीतून तात्पुरता फाटा काढतो आणि तो फाटा तसाच राहतो.

एका रुग्णालयात मला नवीन फ्लशची लाइन तपासायला बोलावलं होतं. टाकीत हिरवा रंग टाकला आणि मजले फिरायला लागलो. सगळे फ्लश हिरवे, छान. निघता निघता सहज तिसऱ्या मजल्यावर ड्रेसिंग रूमच्या बेसिनचा नळ उघडला. हिरवं! बरोबरची सिस्टर माझ्याकडे बघतच राहिली. भिंतीच्या आत दोन वर्षांपूर्वीचा एक जोड निघाला. पाणी स्वच्छ दिसत होतं, म्हणून कुणाला शंकाच आली नव्हती.

तेव्हापासून माझे नियम: दोन्ही लाइनींचा रंग वेगळा, आणि शक्य असेल तर पाइपचा मापही वेगळा, म्हणजे सहज जोडताच येत नाही. पाऊस संपल्यावर टाकीत नळाचं पाणी भरायचं असेल तर ते वरून, मधे हवेची मोकळी जागा सोडून, पाइपच्या व्यासाच्या निदान दुप्पट. व्हॉल्व्हवर विसंबू नका, व्हॉल्व्ह अडकतो, हवा अडकत नाही. आणि रंगाची चाचणी दर वर्षी, शिवाय प्रत्येक दुरुस्तीनंतर. फक्त फ्लश बघू नका. बेसिनं उघडा.

टाकी दोन कप्प्यांची करा, एक धुताना दुसरा चालतो. अंधारी, झाकणाला जाळी, ओव्हरफ्लोलाही जाळी. रुग्णालयानेच डासांची पैदास करायची म्हणजे कमाल होईल.

उगाचच
हिरवा किस्सा वाचून आमच्या ऑफिसचा नळ उघडून आलो. पारदर्शक आहे, पण आता त्यानेही समाधान होत नाही.

रात्रपाळी
मी लिहीत नाही सहसा. एक साधी गोष्ट. घरात गळती बघायला रात्री मीटर वाचतात, कारण रात्री वापर शून्य असतो. रुग्णालय झोपत नाही, म्हणून मुख्य मीटर वाचून काही कळत नाही. पण ओपीडी झोपते. ओपीडीच्या लाइनीवर वेगळा मीटर असेल तर रात्री १२ ला आणि ४ ला वाचा. फरक शून्य यायला हवा. मिनिटाला अर्धा लिटर झिरपणारा एक फ्लश दिवसाला ७२० लिटर नेतो आणि आवाजही करत नाही.

तसंच, अग्निशमन पंपाची दर आठवड्याची चाचणी होते तेव्हा ते पाणी कुठं जातं बघा. टाकीत परत फिरवणारा पाइप असायला हवा. बऱ्याच ठिकाणी तो थेट गटारात असतो.

ओटी_सिस्टर
लॉन्ड्रीचं कुणी बोललं नाही.

वाफेवरचा
लॉन्ड्रीत शेवटच्या खळबळण्याचं पाणी पुढच्या खेपेच्या पहिल्या धुण्याला वापरतात, तेवढं पुरे. पहिलं धुणं मळकटच असतं. निर्जंतुकीकरण उष्णतेनं होतं, ७१ अंशांवर ३ मिनिटं किंवा ६५ वर १० मिनिटं, कपडे त्या तापमानाला खरोखर पोचल्यावर मोजायची. ते नंतरच्या टप्प्यात. तिथून पुढं नळाचंच पाणी.

पाना_पक्कड
तीन आठवडे गायब होतो, माफी. आता अहवाल.

सगळ्यात आधी रात्रपाळींचं ऐकलं, कारण त्याला परवानगी लागत नव्हती. ओपीडीचा मीटर बारा ते चार या चार तासांत ६२० लिटर फिरला. दारं बंद, दिवे बंद, आत चिटपाखरू नाही. दुसऱ्या दिवशी फ्लशच्या टाक्यांत रंगाच्या गोळ्या टाकल्या, तीन गळके निघाले, आणि पुरुषांच्या स्वच्छतागृहातला मुतारीचा फ्लश व्हॉल्व्ह अडकलेला. चार वॉशर आणि एक व्हॉल्व्ह. परवा परत वाचलं, चार तासांत ६ लिटर. ते सहा कुठले हे शोधतोय.

ऑटोक्लेव्हच्या मागं गेलो. धार होती, दोन्हींना. तापमानाच्या व्हॉल्व्हची मागणी दिली आहे.

अग्निशमनाचा पाइप गटारातच होता.

टाकीचा आराखडा परत पाठवला. दहा वर्षांचा रोजचा पाऊस एक्सेलमध्ये मांडून नेला होता. बैठकीत थोडं शांत शांत झालं. आता दोन कप्प्यांत मिळून एक लाख दहा हजार लिटर, गच्ची १७०० चौ. मी. आयसोलेशनच्या एक्झॉस्टची बाजू नकाशावर लाल केली तेव्हा आराखडा करणारे म्हणाले, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. विचारलंही नव्हतं म्हणा. टॉवरला पाणी सध्या नाही, आधी फ्लश वर्षभर नीट चालवून दाखवा असं संसर्ग नियंत्रणवाल्यांचं म्हणणं आहे.

अडकलंय ते रिजेक्टवर. डायलिसिस तळमजल्याला, आणि फ्लशच्या टाक्या गच्चीवर. २,८८० लिटरसाठी पाच मजले पंप करायला प्रशासन तयार नाही.

तिसरी_पाळी
गच्चीवर नेताच कशाला? तुमची ओपीडीही तळमजल्याला असेल ना? दिवसा सगळ्यात जास्त फ्लश तिथंच होतात. डायलिसिसच्या बाहेर एक छोटी टाकी, क्लोरीन देणारा छोटा पंप, आणि फक्त ओपीडीच्या स्वच्छतागृहांना वेगळी लाइन.

पाना_पक्कड
ओपीडी तळमजल्यालाच आहे. डायलिसिसच्या भिंतीच्या पलीकडे. उद्या टेप घेऊन मोजतो.

नळकोंडाळं
मोजा. पण भिंत फोडायच्या आधी रंग टाकून बघा, आत आधीच काय काय जोडलेलं आहे ते.